मुक्कामाच्या घरानं बोलायचं नसतं

आदिलाबादला जाऊन आले असं सांगितलं की कोल्हापुरात पहिला प्रश्न येतो, “तिकडं बघण्यासारखं काय आहे?” जंगल आहे, धबधबे आहेत, थंडी आपल्यापेक्षा बोचरी आहे, असं काहीतरी सांगून मी वेळ मारून नेते. खरं म्हणजे मी यातलं काहीच बघायला गेले नव्हते. एक बाई भरसभेत उभी राहून “नाही” म्हणणार होती, ते बघायला गेले होते. एवढ्यासाठी कोणी भर जानेवारीत, दुखरे गुडघे घेऊन, महाराष्ट्राच्या या टोकाहून निघून त्या टोकाच्याही पलीकडे तेलंगणात जाईल का? मी गेले, आणि त्याचं कारण माझ्या धंद्यात आहे.

मी राज्यशास्त्राची प्राध्यापक होते. ‘लोकशाही आणि नागरिकांचा सहभाग’ हा माझा विषय. या एका विषयावर माझं पोट भरलं, मुलांची शिक्षणं झाली आणि राजारामपुरीत फ्लॅटही झाला. त्यापायी किती ग्रामसभा बघितल्या त्याला गणती नाही. फक्त कागदावर झालेल्या सभा बघितल्या, चहा संपताच संपलेल्या बघितल्या. बायका देवळाच्या भिंतीआड उभ्या आणि त्यांचे हात नवऱ्यांनी वर केले, अशाही बघितल्या. सुरुवातीला मला वाटायचं, माणसं शिकली की बोलतील. मग वाटलं, बायकांना राखीव जागा मिळाल्या की बोलतील. पुढे पुढे असं काही वाटायचंच बंद झालं. निवृत्तीच्या समारंभात सगळ्यांनी माझ्या ‘आशावादी अभ्यासा’चं कौतुक केलं, तेव्हा मी मान खाली घालून शालीच्या दशा मोजत होते.

अशात दिगंबरचा फोन आला. दिगंबर माझा जुना विद्यार्थी, आता आदिलाबाद शहरात कॉलेजात शिकवतो. त्याच्या आईच्या माहेरगावात एक मराठी शाळा आहे, चौथीपर्यंतची. मुलं कमी झाली म्हणून ती नाल्यापलीकडच्या मोठ्या गावातल्या तेलुगू शाळेत विलीन करायची, असं वरून घाटत होतं. पण गावाचा ठराव हवा होता, आणि त्यासाठी ग्रामसभा होती. “म्याडम, या वेळी गंमत आहे,” तो म्हणाला. “पोरांच्या आया महिनाभर जमतायत. पंचशीला नावाची एक बाई त्यांच्या वतीनं उभी राहणार आहे. तुम्ही जन्मभर जे शोधलं, ते इथं होणार आहे. याच.”

त्याच रात्री मी नागपूरच्या गाडीचं तिकीट काढलं. मुलगा म्हणाला, “आई, आता तरी घरी बस.” मी बसले असते तर बरं झालं असतं, पण ते पुढे.

इचोडा

नागपूरहून बस पैनगंगा ओलांडते आणि पाट्या एकदम गोल गोल होतात. अक्षरं बदलली तरी शेतं बदलत नाहीत. तीच काळी माती, तोच फुटलेला कापूस आणि मधूनमधून तुरीची पिवळट रांग. आदिलाबाद मागे टाकून इचोड्याला उतरले, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रकच ट्रक उभे होते. हैदराबादकडे निघालेले आणि नागपूरकडे निघालेले ड्रायव्हर एकाच हॉटेलच्या बाकांवर पाठीला पाठ लावून जेवत होते.

मी माझ्या ठेवणीतल्या हिंदीत चहा मागितला. गल्ल्यावरच्या माणसाने माझ्याकडे बघून घेतलं आणि म्हणाला, “कोण्या गावच्या जी तुमी? मराठीच बोला की.” मग त्याने मागच्या पोऱ्याला तेलुगूत चहा सांगितला, समोरच्या ड्रायव्हरशी हिंदीत हिशेब केला आणि माझ्यासमोर न मागता गरम मिरची भजी ठेवली. तिखट खावं ते आम्ही कोल्हापूरकरांनी, असा आमचा एक समज आहे. तो इचोड्याला पहिल्याच घासाला गेला. दिगंबर न्यायला आला तेव्हा मी डोळे पुसत होते, आणि त्याला वाटलं म्याडम भावुक झाल्या.

तिथून बाजारहत्नूरच्या वाटेला शेअर रिक्षा. आत माणसं मावेनात तरी मधे कापसाचं एक बोचकं होतंच, आणि ते मोकळ्या तोंडाचं. मी थंडीसाठी लोकरीची शाल पांघरली होती. उतरले तेव्हा माझा पार कापूस झाला होता. दिगंबरने मला पंचशीलाच्या दारात सोडलं, तिच्याशी दोन शब्द बोलला आणि परीक्षेची ड्युटी म्हणून त्याच रिक्षाने परत फिरला. पंचशीलाने ‘या’ म्हणायच्या आधी मला ओट्यावर बसवलं आणि शालीवरचा कापूस वेचायला घेतला. दोन्ही हातांनी, भराभर, बोलता बोलता.

“मावशी, वेचाचं तं आमचं कामच हाये,” ती म्हणाली. “तुमी बसा आरामात.”

गाव

गावाचं नाव मी लिहीत नाही. आमच्या धंद्यात गावाला खोटं नाव द्यायची पद्धत आहे. मला तेही द्यावंसं वाटत नाही. रस्त्याच्या बाजूला शेतकऱ्यांची वस्ती, मागे बौद्धवाडा आणि त्यावर निळा झेंडा, आणि दोन्हींच्या मधोमध शाळा. दोन खोल्या, पत्रे, पुढे कडुनिंब. गावात सगळे मराठी बोलतात. कचेरीचं सगळं तेलुगूत चालतं. सरपंचांची मुदत संपली होती आणि निवडणूक अजून व्हायची होती, म्हणून कारभार पंचायतीच्या सेक्रेटरीकडे आणि बैठकीत शब्द लिंबाजीकाकांचा, असं तूर्त चाललं होतं. लिंबाजीकाका म्हणजे शेतकरी वस्तीतले सर्वांत वडील. पूर्वी तेही सरपंच होते.

बौद्धवाड्यातली पंचशीला पस्तिशीची असेल. बारीक, काळी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. नवरा इचोड्याहून ट्रक घेऊन जातो, महिन्यातून दोनदा घरी असतो. मोठी मुलगी उज्ज्वला आणि धाकटी मित्रा. मित्रा याच शाळेत तिसरीत होती. उज्ज्वलाही याच शाळेतली. चौथीपर्यंत पहिली यायची. मग तिला नाल्यापलीकडच्या तेलुगू शाळेत घातलं.

“दोन वर्स मागच्या बाकावर बसली,” पंचशीला चुलीशी बसून सांगत होती. “मास्तर काय बोलून राह्यला, काई समजे नाई. पोरी हसत. तिसऱ्या वर्सी म्हणे, आई मी नाई जात. मी मारलं बी तिले. नाईच गेली. आता कापसात जाते मायासंगं. मोठ्ठ्या बायांपेक्षा जास्त वेचते.” उज्ज्वला कोपऱ्यात तुरीचे सोले, म्हणजे ओले दाणे, सोलत होती, तिने वर बघितलं नाही.

ज्यांना परवडतं त्यांची मुलं पिवळ्या व्हॅनमधून इचोड्याच्या इंग्रजी शाळेत जातात. मराठी शाळेत उरली आहेत ती मजुरांची, दोन्ही वस्त्यांमधली. ती बंद झाली की नाल्यापलीकडे जायचं. पावसाळ्यात नाला अडवतो आणि बाकीचे महिने भाषा अडवते. “मुलगे जातीन कसेबसे,” पंचशीला म्हणाली. “पोरी घरी बसतीन. मले सारं दिसून राह्यलं, मावशी. उज्ज्वलीचं झालं थे मित्रीचं नाई होऊ देत मी.”

आमच्याकडे पाहुण्याला आधी विचारतात, जेवणार का, किती जेवणार, काय चालतं. इथे विचारत नाहीत, ताट समोर येतं. ज्वारीची गरम भाकरी, तुरीच्या सोल्यांची आमटी, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी. आमटी मी तीनदा घेतली. दुसऱ्या घासालाच मी मनात म्हटलं की तांबडा-पांढरा रस्सा आपल्या जागी ठीक, पण हे काही वेगळंच आहे. पंचशीला माझं ताट बघत होती. मला वाढताना तिच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो मला तेव्हा नुसता आतिथ्याचा वाटला.

जेवण झाल्यावर तिने पदर खोचला आणि उद्या काय बोलणार ते मला म्हणून दाखवलं. आधी नाला, मग मुलींच्या गोष्टी, मग उज्ज्वलाची गोष्ट नाव न घेता. सेक्रेटरी तेलुगू माणूस, त्याला नीट कळावं म्हणून शेवटचं वाक्य तिने तेलुगूत पाठ केलं होतं: “मा बडी माकू कावाली.” आमची शाळा आम्हाला पाहिजे. हे तिला शिकवलं होतं उज्ज्वलाने. दोन वर्षं मागच्या बाकावर बसून तिच्याजवळ जे थोडं तेलुगू जमलं होतं, त्यातून तिने आईला हे काढून दिलं होतं. पंचशीला अडखळली की कोपऱ्यातून बारीक आवाजात दुरुस्ती यायची.

खरं सांगते, इतकं चांगलं भाषण मी विद्यापीठात ऐकलेलं नाही. कित्येक वर्षांत पहिल्यांदा मला उद्याची वाट बघावीशी वाटली.

शेकोटी

दिवस मावळायला चावडीपुढे शेकोटी पेटली. मला बोलावणं आलं. पंचशीला भांडी घासत होती, म्हणाली, “जा तुमी, काका चांगलं बोलते.” मी एकटीच गेले. गावातले आठ-दहा पुरुष गुडघे छातीशी घेऊन बसले होते. मला एक खुर्ची दिली, आणि लिंबाजीकाकांनी स्वतः उठून ती शेकोटीजवळ सरकवली.

आम्हा अभ्यासकांची एक खोड असते. कुठेही गेलो तरी आम्ही जुने नियम विचारतो. बैठक पूर्वी कशी व्हायची, भांडण कसं मिटायचं, पहिल्यांदा कोण बोलायचं. मीही विचारलं. काकांना तेच हवं होतं.

“निझामाच्या टायमाले गिरदावर, म्हंजे महसुलाचा सायेब, दौऱ्यावर ये,” त्यांनी सुरुवात केली. “घोड्यावर. मुक्काम कोणाच्या तरी घरी. कोंबडी, भात, सारं. अन् दुसऱ्या दिवशी बैठक बसली का ज्याच्या घरी जेवला त्याचाच बांध सरळ निंगे. दुसऱ्याचा वाकडा. मंग आमच्या आज्याच्या टायमाले सारं गाव बसलं. म्हणे, असं नाई चालत. ज्याच्या चुलीवर सायेब जेवला, त्यानं दुसऱ्या दिवशी बैठकीत तोंड उघडाचं नाई. बांध असो, पाणी असो, काई असो. मुक्कामाच्या घरानं बोलाचं नाई.”

“आणि लोक पाळायचे?”

“पाळत म्हंजे? माया बापानं पाळलं. गिरदावर आमच्या घरी होता अन् आमचीच विहीर बैठकीत होती. बाप बोलला नाई. विहिरीचं पाणी गेलं अर्धं.” काका हे सांगताना हसत होते, आणि त्यात तक्रार नव्हती.

मी खुर्चीच्या टोकावर आले होते. ज्याचा सत्तेशी घरोबा झाला त्याने निर्णयातून बाजूला व्हावं, हे तत्त्व मी वर्गात वर्षानुवर्षं समजावून सांगितलं आहे. मोठमोठ्या संस्थांना ते कागदावर लिहूनही पाळता येत नाही. आणि इथे अंगठा उठवणाऱ्या माणसांनी चावडीपुढे बसून ते ठरवलं होतं, स्वतःचं पाणी घालवून पाळलं होतं. मी विचारलं, “आता पाळता का?”

“आता कोण राह्यते मुक्कामाले?” काका म्हणाले. “जीपगाडीत येते अन् जाते. या पोराइले तं माईतच नाई हा नियम.”

तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. पण आयुष्यभर व्याख्यानं दिलेल्या माणसाला शेकोटी आणि श्रोते मिळाले की काय होतं ते सांगायला नको. मी बोलले. म्हणाले, तुमच्या आजोबांनी जे केलं ते आमच्या पुस्तकांत नाही. म्हणाले, असा नियम ज्या गावात आहे ते गाव साधं नाही. आणि शेवटी म्हणाले, “काही करा, पण हा नियम सोडू नका.”

शेकोटीभोवतीची माणसं सरळ होऊन बसली. एकाने दुसऱ्याला हळूच विचारलं, खरंच कुठं नाही का? काकांनी मिशीवरून हात फिरवला. “म्याडम एवढ्या लांबून येऊन सांगून राह्यल्या,” ते म्हणाले, “म्हंजे असनच काई त्यात.”

मी खूष होऊन परत आले. झोपताना पंचशीलाला सांगणार होते, पण ती दमून झोपली होती. आणि त्या नियमाचा माझ्याशी काही संबंध आहे हे मला एकदाही सुचलं नाही. नियम साहेबाचा होता. मी कसली साहेब? पेन्शनवर जगणारी म्हातारी.

सभा

सभा शाळेच्या पटांगणातच होती. मुलांना त्या दिवशी सुट्टी दिली होती, तरी ती कडुनिंबाखाली येऊन बसली. आया एका बाजूला सतरंजीवर, पंचशीला पुढे. निळी साडी नेसली होती, केसांना तेल लावून घट्ट बांधले होते. मला पुढच्या ओळीत खुर्ची दिली. सेक्रेटरी तरुण होता, मोटारसायकलवरून आलेला, कानाला मफलर. वागायला सभ्य. त्याने ठराव तेलुगूत वाचला. वाचताना सगळे शांतपणे ऐकत होते, जसं कीर्तनातलं संस्कृत ऐकतात. मग काकांनी मराठीत थोडक्यात सांगितलं. पोरं कमी हायेत, जूनपासून शाळा नाल्यापलीकडच्या शाळेत जाईन, इमारत गावाच्या कामाले येईन, कापूस ठेवाले, लग्नाले.

“कोई ऑब्जेक्शन है क्या?” सेक्रेटरीने विचारलं. “बोलो. सबको बोलने का हक है.”

पंचशीला उभी राहिली. पदर सारखा केला. ती म्हणाली, “मले बोलाचं हाये.”

“पंचशीला,” काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. “तुया घरी पाहुणा हाये.”

तरुण पोरांना काही कळेना, तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, काल चावडीवर निंगाला होता तो नियम, मुक्कामाच्या घरानं बोलाचं नाई. बघता बघता सगळ्यांना कळलं. माना हलल्या. त्यात कपट दिसलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी एकेक चेहरा बघितला. त्यांना आपण काही चांगलं करतोय असं वाटत होतं.

पंचशीला उभीच होती. तिने माझ्याकडे बघितलं.

मी उठले. म्हणाले, “काका, मी साहेब नाही. माझ्याकडे कसलीही सत्ता नाही. मी नुसती बघायला आले आहे.”

“असं कसं म्याडम,” काका समजुतीने म्हणाले. “तुमी मोठ्या मास्तरीण. तुमी बसल्या अन् तुमच्या घरची बाई बोलली, तं सेक्रेटरी सायेब काय म्हणन? तुमीच शिकवलं म्हणन. बाकीच्याईनं मंग कसं बोलाचं तिच्या विरोधात?”

“मग मी जाते इथून. मी नसले की झालं?”

“जेवण तं झालं ना.” आणि मग ते म्हणाले, “काल तुमीच सांगतलं जी. नियम सोडू नका.”

त्यांचा युक्तिवाद मी परीक्षेच्या पेपरात वाचला असता तर पूर्ण गुण दिले असते. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात, तो मारुती माझ्यापुढे उभा होता. आणि तरीही मी बोलायला हवं होतं, नियम मोडा म्हणायला हवं होतं, रडायला हवं होतं. त्यातलं काही न करता मी खुर्चीवर बसले.

पंचशीलाने शेजारच्या बाईला हात धरून उठवलं. “तू बोल, शांता. तुले सारं माईत हाये.” शांता अर्धवट उठली, सगळे पुरुष आपल्याकडे बघतायत हे तिच्या लक्षात आलं, ती पदरात हसली आणि खाली बसली. तिसरीने मानच वर केली नाही. महिनाभर त्या जमल्या होत्या, पण बोलायचं पंचशीलाने असंच ठरलं होतं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधणारी एकच होती. पंचशीला अजून थोडा वेळ उभी राहिली. मग बसली.

सेक्रेटरीला हा सगळा प्रकार नीट कळला नव्हता. त्याला एवढंच दिसलं की विरोध नाही. “सरे,” तो म्हणाला, म्हणजे बरं, ठीक. “जो मंजूर करते, हाथ उपर.” हात वर झाले. आधी पुरुषांचे, मग एकमेकींकडे बघत बायकांचे. पंचशीलाचे दोन्ही हात मांडीवर होते. कोण विरोधात, हे त्याने विचारलं नाही. विचारायची वेळ कधी येत नसावी. एकमताने मंजूर.

मग फोटो. सभेचा फोटो मोबाइलवरून वर पाठवावा लागतो. सेक्रेटरीने सगळ्यांना शाळेच्या भिंतीपुढे उभं केलं आणि मला मधोमध बसवलं. “प्रोफेसर मॅडम के सामने इतना शांती से सभा हुआ,” तो खूष होता. आया माझ्या मागे उभ्या राहिल्या. तो फोटो आता कुठल्या तरी कचेरीत आहे, लोकसहभागाचा पुरावा म्हणून, आणि त्यात मी आहे.

परत

घरी आल्यावर पंचशीलाने चूल पेटवली. चुलीशी बसल्यावर मी म्हणाले, मी चावडीवर काय बोलले ते तुला सांगायला हवं होतं. ती म्हणाली, “सांगतलं असतं तं काय झालं असतं? जेवण तं आदीच झाल्तं.”

“मी दुसऱ्या कोणाच्या घरी उतरले असते तर...”

“काका म्हणतच होते, बाईले आमच्या घरी उतरवा.” ती लाकडं सारत होती. “दिगंबरभाऊले मीच नाई म्हटलं. मी म्हटलं, एवढी मोठी बाई येऊन राह्यली, थे आपल्या घरी जेवन. आमच्या वाड्यात. साऱ्या गावानं पाह्यलं पाह्यजे.” “मले नियम माईत होता, मावशी. सासऱ्यानं सांगतला होता. पण मी म्हटलं आता कोणाले याद हाये.”

मी म्हणाले, मी लिहिते, जिल्ह्याला लिहिते, शिक्षण खात्याला लिहिते. ती म्हणाली, “लिहा.” मी लिहिलंही आहे, परत आल्यावर. पण गावाने एकमताने केलेला ठराव कोणी उलटवत नाही. ते मला तिच्यापेक्षा जास्त माहीत आहे, ते मी शिकवत आले. माझ्या विषयात एकमत ही नेहमी चांगली खूण धरतात. आता कुठे एकमताचा ठराव वाचला की मला मांडीवर ठेवलेले ते दोन हात दिसतात, आणि मला तो विषयच नकोसा होतो.

त्या रात्रीही तिने मला वाढलं. मी नको म्हणाले तर तिला राग आला. “आता काऊन नाई?” ती म्हणाली. “आता तं सभा झाली.” मी जेवले. कशाची चव होती ते आठवत नाही.

सकाळी दिगंबर घ्यायला येणार होता. धुकं इतकं की समोरचा झेंडा दिसेना. पंचशीला आणि उज्ज्वला कापसात जायला निघाल्या होत्या, कमरेला वेचणीची ओटी बांधून. मी ओट्यावर पिशवी घेऊन बसले होते. तेवढ्यात मित्रा घरातून बाहेर आली. तिच्याही कमरेला ओटी होती. उज्ज्वलाची जुनी ओढणी दुमडून, मागे मोठी गाठ मारून बांधलेली, गुडघ्यापर्यंत लोंबणारी.

मी विचारलं, “हिची शाळा नाही का आज?”

“हाये,” पंचशीला म्हणाली.

“शाळा तर जूनपर्यंत चालणार आहे ना?”

“हाव. जूनलोक चालन.” ती खाली वाकली, मुलीची गाठ सोडली आणि तिला बसेल अशी आखूड करून पुन्हा बांधली. “मंग सवय लागाले टाइम लागते, मावशी. उज्ज्वलीचे हात पह्यल्या वर्सी लय फाटले होते.”

तिघी निघाल्या. उज्ज्वला पुढे, मग मित्रा, मग पंचशीला. शाळेवरून जाताना मित्रा जरा रेंगाळली. मागून आईने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि ती चालायला लागली.